वहिवाटीचा हक्क

माझे वडील नागपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते, आणि जमिनीच्या तंट्यांची दफ्तरे चाळण्यात ज्यांची उमर गेली अशा त्या काळच्या पुष्कळ कारकुनांप्रमाणे त्यांचीही एका गोष्टीवर अढळ श्रद्धा होती, की मालकी सनदेने मिळते खरी, परंतु ती जिवंत राहते वहिवाटीने. शिवारातली एखादी पांदण गावनकाशात ठळक रेघेने दाखवलेली असूनही जर गावाने तिच्यावरून बैलगाड्या नेणे सोडून दिले, तर चार पावसाळ्यांत तिच्यावर बाभळी माजतात, शेजारचा कास्तकार आपला धुरा हळूहळू पुढे सरकवतो, आणि मग नकाशा पुढे करून ‘ही वाट आमची’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती कागदाखेरीज काहीच उरत नाही. वडिलांचे हे म्हणणे मला आज, त्यांच्या पश्चात इतक्या वर्षांनी आणि नागपूरपासून इतक्या दूर नोएडात राहत असताना, शेतजमिनीच्या नव्हे तर संग्रहालयांच्या संदर्भात वारंवार आठवते. कारण राष्ट्राच्या संग्रहालयांतील ठेव्यावर प्रजेची मालकी आहे हे आपण सर्वजण मान्य करतो, आणि त्या मालकीची वहिवाट मात्र दाराशीच तोडून टाकतो.

मला जे सांगावयाचे आहे ते प्रथमच स्पष्ट सांगतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संग्रहालयातील कायमचा संग्रह पाहण्यास कोणत्याही माणसाकडून, मग तो देशी असो वा परदेशी, एक पैसाही घेतला जाऊ नये, असे माझे मत आहे. आणि हे मत गरिबांविषयीच्या कळवळ्यातून जितके आले आहे, तितकेच पाहणे म्हणजे काय याच्या अनुभवातून आले आहे.

त्या अनुभवाचा आरंभ नागपुरातच झाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत १८६३ साली स्थापन झालेले तेथील मध्यवर्ती संग्रहालय सरकारी कागदांत काहीही म्हणवले जावो, नागपूरकरांच्या तोंडी ते ‘अजब बंगला’च राहिले. कोर्टाच्या तारखेसाठी आसपासच्या खेड्यांतून सिव्हिल लाइन्समध्ये आलेली माणसे, तारीख पुढे ढकलली गेली की गाडीची वेळ होईपर्यंत त्या अजब बंगल्यात येत, पेंढा भरलेल्या वाघासमोर डोईचा पटका सावरीत उभी राहत, आणि शिलालेखांच्या दालनातील थंड फरशीवर घटकाभर टेकत. त्यांना ज्ञानार्जन करावयाचे नव्हते. पण वेळ घालविण्यासाठी एखाद्या जागी निःसंकोचपणे जाता येणे, यातच त्या जागेविषयीच्या आपलेपणाचे बीज असते, हे त्या वयात मला न कळतही दिसत होते.

नोएडा हे शहर १७ एप्रिल १९७६ रोजी कागदावर जन्मास आले, म्हणजे ते माझ्याहून वयाने लहान आहे. त्याचे नावदेखील एका प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे बनलेले. त्याच्या वस्त्यांना नावांऐवजी सेक्टरांचे क्रमांक, आणि प्रत्येक वसाहतीस एक फाटक, फाटकाशी एक पहारेकरी व पहारेकऱ्यापाशी एक नोंदवही. येथे येणाऱ्यास ‘कोणाकडे जायचे आहे’ हा प्रश्न इतक्या ठिकाणी विचारला जातो, की कोणाकडेही न जाता नुसतेच कोठेतरी जाणे ही क्रियाच या शहरातून लुप्त होते की काय अशी शंका यावी. रविवारी दुपारी अठरा क्रमांकाच्या सेक्टरातील भव्य मॉलमध्ये तरुणांची जी दाटी होते तिच्याकडे आमच्या पिढीतील पुष्कळजण नाके मुरडून पाहतात. मला तसे करवत नाही. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, बसावयास जागा, पाहावयास उजेड आणि दाराशी तिकीट नाही, अशी दुसरी जागा आपण त्यांच्यासाठी बांधलीच नाही. व्यापाऱ्याने जे ओळखले ते शासनाने ओळखले नाही, याचा दोष त्या मुलांच्या माथी कसा मारावा?

काही वर्षांपूर्वी माझी कन्या लंडनला स्थायिक झाली आणि तिच्याकडे एका हिवाळ्यात माझे दोन महिने वास्तव्य घडले. ती सकाळी कामावर गेली की दिवस मोकळा, बाहेर पाऊस, आणि खिशातील प्रत्येक पौंड मनातल्या मनात रुपयांत मोजण्याची खोड. अशा स्थितीत ज्या वास्तूंनी मला आश्रय दिला त्या म्हणजे तेथील संग्रहालये. ब्रिटिश म्युझियम हे सर हान्स स्लोन या वैद्याच्या संग्रहातून निर्माण झाले. आपल्या वारसांस २० हजार पौंड द्यावेत या शर्तीवर त्याने ७० हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह राष्ट्रास देऊ केला, १७५३ साली पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला, सार्वजनिक सोडत काढून पैसा उभारला, आणि १५ जानेवारी १७५९ रोजी जिज्ञासू व अभ्यासू अशा सर्वांसाठी ते विनामूल्य खुले झाले. मात्र येथे एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. आरंभीच्या काळात आत जाण्यासाठी लेखी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे आणि लहान लहान तुकड्यांनीच लोकांस फिरवून आणले जाई. म्हणजे दाम नव्हता, परंतु दार अर्धेच उघडलेले होते. अर्ज लिहिता न येणाऱ्या हमालाला त्या विनामूल्यतेचा उपयोग काय? पुढे १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे जे संग्रहालय निघाले, जे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून विश्रुत आहे, त्याच्या चालकांनी दालनांत गॅसचे दिवे लावले आणि दिवसा राबणाऱ्या कामगारास सायंकाळी येता यावे अशी तजवीज केली. मोफतपणाचा अर्थ कालांतराने असा विस्तारत गेला: प्रथम पैसा गेला, मग अर्ज गेला, आणि मग घड्याळही थोडे बाजूस सरकले.

पहिल्या दिवशी मी ब्रिटिश म्युझियमात गेलो तो तिकीट काढलेल्या माणसाप्रमाणेच वागलो, कारण तीच सवय अंगी मुरलेली होती. इजिप्तच्या ममींपासून ग्रीसच्या संगमरवरापर्यंत एकही दालन सुटू नये म्हणून चार तास पायपीट केली, आणि सायंकाळी घरी येऊन कन्येने ‘बाबा, काय पाहिलंत?’ असे विचारले तेव्हा मला धड एकाही वस्तूचे वर्णन करता येईना. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला म्हणून पुन्हा तेथेच शिरलो, आणि या खेपेस घाई अशी उरलीच नव्हती. अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पपट्ट्या जेथे मांडल्या आहेत त्या दालनात एका पट्टीसमोर अर्धा तास बसलो. तिसऱ्या दिवशी तिच्यातील नमस्कार करणाऱ्या आकृतींचे हात वेगळे दिसू लागले, चौथ्या दिवशी त्या हातांमागची दाटी, आणि आठवड्याअखेरीस मला असे वाटू लागले की ती पट्टी मला ओळखते. जे मूल्य देऊन आत जातात त्यांना मूल्य वसूल करावयाचे असते. तिकीट हे माणसाला सर्व पाहण्यास भाग पाडते आणि म्हणूनच काहीही पाहू देत नाही. याउलट, ज्याला उद्या पुन्हा फुकट येता येणार आहे तोच आज एकच वस्तू पाहून समाधानाने परत जाऊ शकतो. मोफत दारातून जाणाऱ्या माणसाचे वाचलेले पैसे हा त्याचा खरा लाभ नव्हेच. परत येण्याची मुभा हाच त्याचा लाभ.

त्या अर्ध्या तासात मन केवळ प्रसन्न होते असे म्हटले तर ते असत्य ठरेल. कृष्णेच्या काठी घडलेले ते दगड कर्नल मॅकेंझी आणि वॉल्टर इलियट यांच्या उत्खननांतून बाहेर आले, आणि १८८० साली त्या वास्तूत दाखल झाले. ज्या आंध्रातील शेतकऱ्याच्या पूर्वजांनी ते घडविले त्याला तेथपर्यंत पोचावयाचे तर विमानाचे भाडे आणि परवान्याची फी हेच तिकीट. तीच गोष्ट अजिंठ्याची. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुढे वर्षानुवर्षे लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्या साउथ केन्सिंग्टनला पाठविण्यात आल्या, पुष्कळशा तेथील आगीत भस्मसात झाल्या, आणि उरलेल्या तेथेच राहिल्या. विनामूल्य प्रवेशाने पराक्रमाने वा चातुर्याने नेलेल्या वस्तूंच्या मालकीचा प्रश्न सुटत नाही, आणि कोणी तसे भासवू लागला तर त्याला ठणकावून सांगितले पाहिजे. पण त्याच वेळी स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे: त्या वस्तू उद्या परत आल्या, तर त्यांच्यासमोर अर्धा तास बसण्याची मुभा आपण आपल्या माणसांना किती सहजपणे देऊ?

विलायतेतही हे दार नेहमीच असे सताड राहिले नाही. १९७४ साली तेथील सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांस प्रवेशमूल्य लावले, ते तीन महिन्यांतच मागे घ्यावे लागले. पुढे १९८०नंतरच्या काळात काटकसरीच्या धोरणापायी काही मोठ्या संग्रहालयांनी पुन्हा तिकिटे लावली, आणि १ डिसेंबर २००१ पासून ती सर्वत्र रद्द झाली. हा निर्णय नुसत्या सदिच्छेवर उभा नव्हता. तिकीट न लावणाऱ्या संस्थेला मूल्यवर्धित कराचा परतावा मिळत नसे, ती अडचण कायद्यात तरतूद करून दूर केली गेली, आणि सरकारी अनुदानाने तिकिटाची तूट भरून काढली. ज्या संग्रहालयांनी तिकीट काढून टाकले त्यांच्याकडे येणाऱ्यांची संख्या पुढील दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली. पॅरिस नगरपालिकेनेही त्याच सुमारास आपल्या संग्रहालयांतील कायमची दालने विनामूल्य केली. सांगण्याचा हेतू हा, की मोफत दार ही श्रीमंत राष्ट्राची चैन नसून हिशेबाने आखलेली राज्यकारभाराची बाब आहे.

आता यमुनेच्या काठी परत येऊ. दिल्लीच्या जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात, जेथे मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटर उंचीची ती कांस्य नर्तकी उभी आहे, भारतीयास २० रुपये आणि परदेशीयास ६५० रुपये तिकीट आहे. वीस रुपये म्हणजे काहीच नाही असे म्हणणारे बहुधा एकटे जाणारे असतात. नोएडाहून पाच माणसांचे कुटुंब मेट्रोचे जाण्यायेण्याचे भाडे भरून तेथे पोचते तेव्हा त्या शंभर रुपयांनी ‘पुन्हा कधीतरी’ हा विचारच खुंटतो. आणि हे संग्रहालय काही वीस रुपयांवर चालत नाही. ते चालते सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरतुदीवर, म्हणजे त्या पाच माणसांनी रोजच्या खरेदीत भरलेल्या करांवर. परदेशी पाहुण्यास बत्तीसपटीहून अधिक आकार लावण्याविषयी मी एवढेच म्हणेन, की लंडनमध्ये मला कोणीही माझे राष्ट्रीयत्व विचारले नव्हते, आणि त्या सौजन्याची परतफेड करताना आपण लज्जित व्हावे अशी ही वागणूक आहे.

याच राजधानीत दुसरी वहिवाटही आहे, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. तीस जानेवारी मार्गावरील ज्या घरात महात्माजींनी अखेरचे १४४ दिवस काढले त्या गांधी स्मृतीत कोणीही विनामूल्य जाऊ शकतो. राजघाटासमोरील गांधी संग्रहालयाचेही तसेच. अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या ज्या घरी ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, तेथे आता राज्यघटनेच्या उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. विदर्भाच्या कोणत्याही खेड्यातून आलेला माणूस तेथे थांबतो तेव्हा तो पर्यटक नसतो. तो आपल्या घरी आलेला असतो, आणि घरी येणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. हीच दृष्टी इतिहासाच्या उरलेल्या अंगांस का लागू पडू नये?

आमच्या नोएडाच्या वाट्यालाही या बाबतीत एक मान आला आहे. २०१० साली सेक्टर १२६ मधील एका संगणक कंपनीच्या आवारात किरण नाडर यांनी आधुनिक भारतीय कलेचे संग्रहालय सुरू केले, पुढे दक्षिण दिल्लीत साकेतच्या एका मॉलमध्ये त्याचे दुसरे दालन निघाले, आणि दोहोंकडे प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला. २०१०च्याच जूनमध्ये लंडनच्या लिलावात सय्यद हैदर रझा यांचे १९८३ सालचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र नाडर यांनी १६ कोटींहून अधिक रुपयांस घेतले. मंडल्याच्या अरण्यप्रदेशात जन्मलेल्या, नागपूरच्या कलाशाळेत रेषा गिरविलेल्या आणि मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातून पुढे आलेल्या रझांच्या त्या तांबड्या-केशरी रंगाच्या चौकटींसमोर उभा राहिलो असताना माझ्या मनात आले, की या चित्राची किंमत सोळा कोटी आणि ते पाहण्याची किंमत शून्य. आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे यातच सुसंस्कृततेचे लक्षण आहे. मात्र खासगी औदार्य हा शासनाच्या कर्तव्याचा पर्याय होऊ शकत नाही. औदार्य हे इनाम आहे, आणि मी बोलतो आहे ते हक्काविषयी.

या हक्काची खरी कसोटी मला एका माणसाने शिकविली. आमच्या वसाहतीच्या फाटकावर झाशीकडचा एक पहारेकरी आहे. दिवसाचे बारा तास इतरांस आत सोडावे की सोडू नये हे ठरविणे हीच त्याची नोकरी. एकदा मी चित्रे पाहून परतलो तेव्हा कोठे गेला होतात असे त्याने सहज विचारले. मी सांगितले, आणि तेथे तिकीट पडत नाही हेही आवर्जून सांगितले. त्यावर त्याने किमतीविषयी एक अक्षर न काढता विचारले, “बाबूजी, अंदर जाने देते हैं?” आत जाऊ देतात का! दारांची विद्या त्याला माझ्याहून अधिक अवगत होती. दाम नसलेले दारही बंद असू शकते हे ज्याला ठाऊक आहे त्याने विचारलेला तो प्रश्न होता, आणि तो निराधार नव्हता. कारण पुढे त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे अशाच एका विनामूल्य चित्रदालनात गेलो, तेव्हा दारावरच्या माणसाने मला मान लववून आत सोडले आणि त्याला अडवून ‘काय काम आहे’ असे विचारले. मी ‘हे माझ्याबरोबर आहेत’ असे म्हणालो. ते म्हणावे लागले याचे शल्य मला आजही आहे, कारण विनामूल्य दारात कोणीही कोणाबरोबर असण्याची गरज नसावी.

जे फुकट मिळते त्याची लोकांना किंमत नसते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पंढरीच्या वाटेवर कोणते तिकीट असते, आणि तेथे जाणाऱ्यांना त्या वाटेची किंमत नसते असे कोण म्हणेल? नासधूस होते ती परकेपणामुळे होते. जी जागा आपली वाटते तिच्या भिंतीवर कोणी नाव कोरीत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक गंभीर आहे, कारण गळकी छपरे, अंधुक दिवे आणि रिकाम्या पदांनी आपली पुष्कळ संग्रहालये पीडलेली आहेत. परंतु दहा-वीस रुपयांच्या तिकिटांनी ती छपरे आजवर शाकारली गेली नाहीत, आणि ज्या संग्रहालयात कोणी येतच नाही त्याच्या छपरासाठी विधिमंडळात कोण भांडेल? जेथे हजारोंची वहिवाट आहे तेथेच अंदाजपत्रकाचे लक्ष जाते.

म्हणून महाराष्ट्र शासनाकडे माझे मागणे आहे, की त्याच्या पुरातत्त्व व संग्रहालय संचालनालयाच्या ताब्यातील सर्व संग्रहालये, नागपूरच्या अजब बंगल्यापासून औंधच्या संग्रहालयापर्यंत, कायमच्या संग्रहापुरती विनामूल्य करावीत आणि शुल्क घ्यावयाचेच तर ते तात्पुरत्या विशेष प्रदर्शनांपुरते घ्यावे, जसे लंडनमध्ये घेतात. औंधचा दृष्टांत तर आपल्या घरातलाच. भवानराव पंतप्रतिनिधींनी त्या चिमुकल्या संस्थानात १९३८ साली संग्रहालय उभारले, त्यात रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प आणून ठेवले, आणि पुढल्याच वर्षी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सुपूर्द केला. कलेचे दार आणि सत्तेचे दार ही एकाच वाड्याची दोन दारे आहेत हे त्या राजाला उमगले होते. त्याचबरोबर आठवड्यातून दोन दिवस तरी संग्रहालये रात्री आठपर्यंत उघडी असावीत, दालनांत बसावयास बाके असावीत, वस्तूंखालील मजकूर स्वच्छ मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावा, आणि दारावरच्या माणसाला शिकविण्यात यावे की त्याचे काम लोकांस अडविणे हे नसून आत घेणे हे आहे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. जी लागते ती ही जाणीव, की आपण विश्वस्त आहोत आणि येणारा हा मालक आहे.

त्या पहारेकऱ्याची हकीकत पुरी करावयाची राहिली. पहिल्या भेटीत तो माझ्या मागे मागे चालला, हात पाठीशी बांधून, एका निळ्या चित्राशी थोडा थांबून. बोलला काहीच नाही. त्यानंतर दीडएक महिन्याने एका रात्री मी फाटकातून आत येत असता त्याने मला थांबविले. मधल्या काळात तो आपल्या मेहुण्याला घेऊन, मला न सांगता, पुन्हा तेथे जाऊन आला होता. “बाबूजी,” तो म्हणाला, “वो नीली वाली तस्वीर उन्होंने हटा दी. किसी से पूछा भी नहीं.” त्याच्या स्वरात खरीखुरी तक्रार होती, जशी आपल्या शिवारातले झाड परस्पर तोडल्यावर गावकऱ्याच्या स्वरात असते. माझे वडील तेथे असते तर त्यांनी चष्मा सावरून आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली असती, की या इसमाची वहिवाट सुरू झाली आहे.